उरते ते इंधन, की हवा?

डिझेलवर चालणाऱ्या ट्रकच्या इंजिनाला हवेबरोबर थोडा प्रोपेन वायू दिला, तर इंजिनाची ताकद वाढते, धूर कमी होतो आणि डिझेलही कमी लागते, असा दावा अमेरिकेत अनेक वर्षे केला जात आला आहे. तिकडे शेतमाल, जनावरे किंवा मोठे ट्रेलर ओढण्यासाठी डिझेलचे पिकअप ट्रक बाळगणारे लोक पुष्कळ आहेत. डॉज कंपनीने १९८९ सालच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन बसवले तेव्हा त्याची ताकद १६० अश्वशक्ती होती. मागे भरलेला ट्रेलर आणि समोर डोंगराचा चढ अशी वेळ आली की ती अपुरी वाटे. मग एक छोटी टाकी, एक दाबनियंत्रक, एक झडप आणि थोड्या नळ्या असा संच आणून इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीत प्रोपेन सोडण्याची टूम निघाली.

विषय अमेरिकेतील ट्रकवाल्यांचा, मग तो शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. इंधनाविषयीचे चमत्कारिक दावे आपल्याला नवे नाहीत. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक आपण पाहिले आहेत, टाकीत टाकायच्या गोळ्या पाहिल्या आहेत, आणि पाण्यात पाला उकळून तयार केलेल्या ‘वनौषधी पेट्रोल’ची १९९६ साली तमिळनाडूतून उठलेली हवाही अनेकांना आठवत असेल. असे दावे पहिल्याच चोख चाचणीत पडतात, कारण तेथे मुळात परिणामच नसतो. प्रोपेनचे तसे नाही. येथे परिणाम आहे. संच बसवलेल्या ट्रकचा चालक जेव्हा सांगतो की गाडी चढावर जोरात निघते, तेव्हा तो खोटे बोलत नाही. परंतु ती जोरात का निघते याचे जे कारण त्याला सांगितले गेलेले असते ते चूक असते. अनुभव खरा आणि कारण खोटे अशी जोडी जमली की विद्यार्थ्यालाच काय, जाणत्या माणसालाही ती फोडणे अवघड जाते. म्हणून येथे आम्ही संचाची नव्हे, तर संचाबरोबर मिळणाऱ्या स्पष्टीकरणाची तपासणी करणार आहोत.

ते स्पष्टीकरण साधारण असे असते : ‘डिझेल इंजिनात सगळे डिझेल जळत नाही. त्याचा पाचवा किंवा चौथा हिस्सा न जळताच बाहेर जातो. प्रोपेन हा उत्प्रेरकाचे काम करतो आणि हा वाया जाणारा हिस्सा जाळून टाकतो. म्हणून ताकद वाढते, काळा धूर कमी होतो आणि ॲव्हरेज सुधारते.’ आकडे जाहिरातीगणिक बदलतात, पण युक्तिवाद हाच. तो दिसतोही सुटसुटीत. कारण एक आणि परिणाम तीन. शिवाय अपुऱ्या ज्वलनाने काजळी होते हे आपणच वर्गात शिकवलेले असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ओळखीची खूणही पटते.

न जळलेले डिझेल गेले कुठे?

पदार्थ नाहीसा होत नाही, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा. तोच येथे लावून पाहू. एखाद्या ट्रकला ६०० किलोमीटर जाण्यास १०० लिटर डिझेल लागते असे धरू. पाचवा हिस्सा जळत नसेल तर २० लिटर, म्हणजे सुमारे १७ किलो डिझेल वाफ, थेंब किंवा काजळी या रूपात सायलेन्सरमधून रस्त्यावर पडले पाहिजे. दर किलोमीटरला सुमारे २८ ग्रॅम. असे खरोखरच होत असते तर महामार्गाच्या कडेची झाडे आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या काचा डिझेलने न्हाऊन निघाल्या असत्या.

आता मोजलेल्या आकड्यांकडे वळू. अमेरिकेत १९९१ सालापासून अवजड डिझेल इंजिनांसाठी जे नियम लागू झाले, त्यांत इंजिनाने दर अश्वशक्ती-तासामागे जास्तीत जास्त १.३ ग्रॅम न जळलेले हायड्रोकार्बन आणि ०.२५ ग्रॅम काजळीसारखे कण सोडावेत अशी मर्यादा होती. तेवढे काम करण्यास चांगल्या इंजिनाला सुमारे १६० ग्रॅम डिझेल लागते. १६० पैकी १.५५ ग्रॅम, म्हणजे शेकडा एक. कार्बन मोनॉक्साइड हेही अर्धवट जळलेले इंधनच. त्याची त्या नियमांतील मर्यादा १५.५ ग्रॅम होती आणि डिझेल इंजिने तिच्या पुष्कळ खाली असतात. तरीही ते पूर्ण मर्यादेइतके धरले आणि त्यात अडकलेली उष्णता हिशेबात घेतली, तर एकूण तूट साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. जाहिरातीतला पाचवा हिस्सा म्हणजे ३२ ग्रॅम झाला. तो हायड्रोकार्बन व कण यांच्या मर्यादेच्या वीसपट आहे. असे इंजिन विकायला परवानगीच मिळाली नसती. पुढे कणांची मर्यादा १९९४ साली ०.१० ग्रॅम आणि २००७ साली ०.०१ ग्रॅम इतकी खाली आली. म्हणजे नव्या इंजिनात ‘वाचवण्याजोगे’ न जळलेले डिझेल जवळजवळ नाहीच.

मग काळा धूर दिसतो त्याचे काय? धूर दिसतो हे खरे, परंतु डोळा हा वजनकाटा नव्हे. काजळीचे कण अतिसूक्ष्म असतात आणि प्रकाश अडवण्यात फार तरबेज असतात. शेगडीवरच्या पातेल्याचे बूड काळेकुट्ट होते तेव्हा ती काजळी खरवडून तराजूत टाकून पाहावी, म्हणजे थोड्या वस्तुमानात किती काळेपणा असतो ते ध्यानात येईल.

‘वाया जाणे’ आणि ‘न जळणे’

चौथा-पाचवा हिस्सा वाया जातो ही समजूत आली कुठून? आमच्या मते ती दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केल्याने आली आहे. चांगल्या डिझेल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी शेकडा ३५ ते ४० भागच चाकांकडे जाणाऱ्या कामात उतरतो. उरलेल्यांपैकी सुमारे ३० भाग बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर जातो आणि बाकीचा रेडिएटरचे पाणी, वंगण व इंजिनाचे अंग यांत जातो. हे सगळे वाया जाते यात शंका नाही. परंतु ते वाया जाते जळून झाल्यानंतर. इंधन जळले, उष्णता निर्माण झाली आणि त्या उष्णतेचा मोठा भाग कामात बदलता आला नाही. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या नशिबी हे असतेच. उष्मागतिकीचा दुसरा नियम तसे सांगतो.

ज्वलनाची कार्यक्षमता आणि इंजिनाची कार्यक्षमता हे दोन आकडे आहेत. पहिला शेकडा ९८ च्या पुढे असतो, दुसरा चाळिशीच्या आसपास. दुसऱ्यातील तूट पहिल्याच्या नावावर लिहिली की ‘साठ टक्के वाया’चे ‘पुष्कळसे न जळलेले’ असे रूपांतर होते, आणि मग ते जाळणारे औषध विकता येते. परीक्षेत इंजिनाची कार्यक्षमता विचारताना आपण शिक्षकही हा फरक क्वचितच स्पष्ट करून घेतो.

उत्प्रेरक संपत नसतो

आता दुसरे विधान, म्हणजे प्रोपेन हा उत्प्रेरक आहे हे. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण अखेरीस तो आहे तितकाच परत मिळतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकलेला मँगनीज डायऑक्साइड गाळून, सुकवून तोलला तर वजन तेवढेच भरते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. प्रोपेनच्या टाकीचे काय होते? ती रिकामी होते आणि पुन्हा भरून आणावी लागते. प्रोपेनचा एक रेणू ऑक्सिजनच्या पाच रेणूंशी संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार रेणू तयार होतात, आणि दर किलोमागे ४६ मेगाज्यूलहून थोडी अधिक उष्णता मिळते. डिझेलची उष्णता दर किलोला सुमारे ४३ मेगाज्यूल असते. म्हणजे प्रोपेन हे स्वतंत्र आणि चांगले सकस इंधन आहे. जे स्वतःच जळून जाते आणि डिझेलहून अधिक उष्णता देते, त्याला उत्प्रेरक म्हणणे म्हणजे जेवणाला चमचा म्हणण्यासारखे आहे.

मग ताकद येते कुठून?

याचे उत्तर डिझेल इंजिनाच्या मूळ कल्पनेत आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली ज्या कल्पनेसाठी पेटंट मागितले तिचे मर्म असे होते की सिलिंडरमध्ये आधी निव्वळ हवा दाबायची. ती दाबाने इतकी तापते की नंतर आत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते. पिकअप ट्रकच्या अशा इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. इंधन व हवा यांची गाठ कधी पडावी हे डिझेलचा फवारा केव्हा सुटतो त्यावर ठरते, म्हणून ज्वलन कधी सुरू व्हावे हे इंजिनाच्या ताब्यात राहते.

या पद्धतीला एक किंमत मोजावी लागते. फवारा सुटल्यापासून ज्वलन संपेपर्यंत वेळ असतो तो एका सेकंदाच्या काही सहस्रांश भागांइतका. तेवढ्यात डिझेलची वाफ सिलिंडरमधील कानाकोपऱ्यातल्या हवेपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून डिझेल पुरते जळावे यासाठी हवा नेहमी गरजेपेक्षा अधिक द्यावी लागते. एक किलो डिझेल जाळण्यास हिशेबाने साडेचौदा किलो हवा पुरते. पूर्ण भार असतानाही इंजिनाला वीसेक किलो हवा दिली जाते, आणि नुसते गुरगुरत उभे असताना हे प्रमाण साठ-सत्तर किलोच्याही पुढे जाते. म्हणजे ऐन चढावरसुद्धा सुमारे पाव हिस्सा हवा न वापरता बाहेर पडते.

येथे जाहिरातीचे वाक्य उलटे करावे लागते. इंजिनातून न वापरता बाहेर जाते ते इंधन नव्हे, ती हवा! प्रोपेन हवेबरोबरच आत येतो, सगळीकडे सारखा पसरतो आणि डिझेलच्या फवाऱ्याला न गवसलेल्या हवेतच जळतो. एक किलो डिझेलबरोबर ०.१ किलो प्रोपेन दिला, तर तो उरलेल्या साडेपाच किलो हवेपैकी दीड किलोच्या आसपास वापरतो आणि सुमारे ४.६ मेगाज्यूल उष्णता अधिक देतो, म्हणजे डिझेलच्या उष्णतेच्या शेकडा ११. चालकाला जाणवणारा जोर तो हाच. यात गूढ काही नाही. इंजिनाला अधिक इंधन मिळाले आणि ते जाळायला हवाही होती.

धुराचेही असेच आहे. मेणबत्तीच्या ज्योतीत इंधनाची वाफ व हवा जळतानाच भेटतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते आणि वर चमचा धरला तर काळा होतो. बन्सन बर्नरमध्ये वायू व हवा आधीच मिसळतात, म्हणून ज्योत निळी राहते. डिझेलचा फवारा मेणबत्तीसारखा जळतो आणि हवेत आधी मिसळलेला प्रोपेन बर्नरसारखा. डिझेलचा काही भाग काढून त्याजागी प्रोपेन दिला तर काजळी कमी होते, हे खरे आहे. मात्र डिझेल तेवढेच ठेवून वर प्रोपेनची भर घालत गेले, तर दोघे त्याच हवेसाठी झगडतात आणि धुराबाबतचा लाभ हातचा जाऊ शकतो.

हिशेब दोन्ही टाक्यांचा

ॲव्हरेज वाढल्याचा दावा तपासण्यास बेरीज-वजाबाकी पुरते. आपल्या ट्रकला ६०० किलोमीटरला १०० लिटर डिझेल लागत होते, म्हणजे लिटरला ६ किलोमीटर. संच बसवल्यावर ८० लिटर लागले असे समजू. लिटरला साडेसात किलोमीटर झाले, पंचवीस टक्के वाढ! पण प्रोपेनच्या टाकीत पाहिले तर तेथून ३० लिटर द्रवरूप प्रोपेन संपलेला आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. द्रव प्रोपेन बराच हलका असतो, म्हणून त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे २४ मेगाज्यूलच असते. वाचलेले २० लिटर डिझेल म्हणजे ७२० मेगाज्यूल. खर्चलेला ३० लिटर प्रोपेन म्हणजेही ७२० मेगाज्यूल. बचत शून्य! हे आकडे हिशेब समजावण्यासाठी आम्ही घेतले आहेत, परंतु रीत हीच. दुसऱ्या टाकीकडे न पाहता काढलेले ॲव्हरेज म्हणजे भाकरी कमी करून भात वाढवला आणि आहार घटला म्हणून सांगितले, तसे आहे.

पैशाचा प्रश्न वेगळा. एखाद्या ठिकाणी ३० लिटर प्रोपेन २० लिटर डिझेलपेक्षा स्वस्त मिळत असेल तर चालकाचे पैसे वाचतील. मग तसे सांगावे. स्वस्त इंधन वापरणे यात कमीपणा नाही, पण त्याला कार्यक्षमता वाढली असे म्हणू नये. प्रोपेनच्या पदरात एक माप मात्र टाकले पाहिजे. त्याच्या रेणूत कार्बनच्या मानाने हायड्रोजन अधिक असतो, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी त्यातून कार्बन डायऑक्साइड कमी निघतो. वरच्या उदाहरणात २० लिटर डिझेलमधून सुमारे ५३ किलो निघाला असता, प्रोपेनमधून सुमारे ४६ किलो निघतो. एकूण २६५ किलोंमध्ये ७ किलोंची घट. लाभ खरा आहे, पण माफक आहे.

स्पष्टीकरण चुकले तर बिघडते काय?

येथवर वाचून एखादा व्यवहारी मनुष्य म्हणेल, ‘कारण काही का असेना, गाडी जोरात निघते ना? मग झाले!’ या मुद्द्यावर आमचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चुकीचे कारण धोका कोठे आहे ते दाखवत नाही, बरोबर कारण दाखवते.

प्रोपेन केवळ न जळलेले डिझेल जाळतो असे ज्याला वाटते, त्याच्या दृष्टीने थोडा अधिक प्रोपेन देण्यात भय नाही. फार तर जाळायला काही उरणार नाही. ज्याला कळले आहे की प्रोपेन हे दुसरे इंधन असून ते दाबल्या जाणाऱ्या हवेत आधीपासून मिसळलेले आहे, तो थबकतो. डिझेल यांनी इंधन व हवा अलग ठेवण्याचा जो नियम घातला तोच येथे मोडलेला आहे. प्रोपेन स्वतःहून पेट घेतो ते तापमान सुमारे ४७० अंश सेल्सियस आहे, आणि दाबलेली हवा त्याहून अधिक तापलेली असते. प्रोपेन विरळ असेल तर पेट घेण्यास लागणारा वेळ त्याला मिळत नाही आणि फवाऱ्याची वेळ येईपर्यंत तो थांबतो. प्रमाण वाढले, टर्बोचार्जरने दाब वाढवला, इंजिन तापले, की हा वेळ आखूड होतो. मग प्रोपेन फवाऱ्याची वाट न पाहता किंवा फवाऱ्याबरोबर एकदम भडकतो. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते ठोके सुरू होतात. सिलिंडरमधील दाब एकाएकी चढतो आणि हेड गॅस्केट, दट्ट्या, कनेक्टिंग रॉड यांवर त्याचा मार बसतो. पेट्रोल इंजिनात प्रोपेन ठोक्यांना चांगला दाद देत नाही हे खरे, पण तेथे दाब आठ-दहा पटींचा असतो.

दुसरा धोका गतीचा. डिझेल इंजिनाला मोकळे सोडले तर ते किती वेगाने फिरावे हे गव्हर्नर ठरवतो, आणि तो ते फक्त डिझेल कमी करून ठरवतो. हवेच्या नळीतून येणाऱ्या वायूवर त्याची सत्ता चालत नाही. झडप अडकून वायू येतच राहिला तर गव्हर्नरने डिझेल कमी करूनही इंजिनाला इंधन मिळत राहते. हे काल्पनिक नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोकार्बनच्या वाफेचा मोठा ढग पसरला. जवळच एक डिझेल पिकअप ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. हवेबरोबर वाफ आत ओढली जाऊन त्याचे इंजिन बेफाम फिरू लागले, आणि वाफेचा ढग बहुधा त्यानेच पेटवला, असा निष्कर्ष तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाने काढला. त्या स्फोटात १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली. तेथे प्रोपेनचा संच नव्हता. पण हवेच्या वाटेने आलेल्या इंधनापुढे डिझेल इंजिन कसे वागते, हे त्या ट्रकने दाखवले.

तिसरी गोष्ट धोक्याची नव्हे, विसंगतीची आहे. साध्या तापमानाला हवेत प्रोपेन आकारमानाने शेकडा २.१ पेक्षा कमी असेल तर त्या मिश्रणातून ज्योत पसरत नाही. दाबलेल्या तप्त हवेत ही मर्यादा खाली सरकते, आणि पूर्ण भाराला डिझेलची ज्योत सिलिंडरभर पसरत असल्याने प्रोपेन बहुतांशी जळून जातो. कधी कधी ज्वलन जलद झाल्यामुळे थोडा लाभही होतो. पण सपाट रस्त्यावर हलक्या भाराने जाताना डिझेलचा फवारा लहान असतो. त्याच्यापासून दूर असलेला विरळ प्रोपेन जळतच नाही. दोन इंधनांवर चालणाऱ्या इंजिनांच्या चाचण्यांत कमी भाराला न जळलेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड वाढतात, ते याचमुळे. म्हणजे न जळलेले इंधन जाळण्यासाठी आणलेला वायू अशा वेळी स्वतःच न जळलेल्या इंधनात भर घालतो.

कल्पना जुनी आणि चांगली आहे

दोन इंधने एका इंजिनात वापरण्याची कल्पनाच टाकाऊ आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. वायू आणि हवेचे मिश्रण दाबून ते दुसऱ्या इंधनाच्या फवाऱ्याने पेटवण्याच्या पद्धतीसाठी खुद्द डिझेल यांना १९०१ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. आपल्याकडे गोबर गॅसवर विहिरीचे पाणी उपसणारी डिझेल इंजिने याच तत्त्वाची. पण गोबर गॅसमध्ये असतो तो मिथेन, आणि ठोक्यांना तोंड देण्यात तो प्रोपेनपेक्षा फार वरचढ आहे. ठोके सहन करण्याच्या ज्या मापात शुद्ध मिथेनला १०० गुण देतात, त्यात प्रोपेनला तिशीच्या घरातले गुण मिळतात. एका वायूचा चांगला अनुभव दुसऱ्याला तसाच लावता येत नाही तो यासाठी.

प्रोपेनलाही नीट वागवता येते. २०२० साली बीडब्ल्यू एलपीजी या कंपनीच्या बीडब्ल्यू जेमिनी या जहाजाचे इंजिन द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालेल असे बदलण्यात आले. तेथे वायू हवेच्या वाटेने सोडत नाहीत. हवा दाबून झाल्यावर तो द्रवरूपातच उच्च दाबाने सिलिंडरमध्ये फवारतात आणि थोड्या तेलाच्या फवाऱ्याने पेटवतात. दाबताना सिलिंडरमध्ये पुन्हा निव्वळ हवाच! डिझेल यांचा नियम पाळला आणि ठोक्यांचा प्रश्न मुळातच सुटला. यासाठी इंजिनाचे फवारे, पंप, नियंत्रण सगळे बदलावे लागते. एक टाकी व चार नळ्यांचे हे काम नव्हे.

वर्गात काय करावे?

अशा विषयावर वर्गात वायूचा कोणताही प्रयोग करू नये, हे प्रथमच सांगतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळाला तर खाली साचून राहतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचेच मिश्रण असते, आणि तो सिलिंडर वाहनाला जोडणे धोक्याचे तर आहेच, शिवाय बेकायदाही आहे. मेणबत्ती, बन्सन बर्नर आणि चमचा एवढ्यावर ज्वलनाचा भाग भागतो. बाकीचे काम कागद-पेन्सिलीचे.

वरच्या वर्गातील मुलांपुढे इंधन वाचवणाऱ्या कोणत्याही साधनाची जाहिरात ठेवावी आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगावीत. जास्तीची ऊर्जा आली कुठून? ती मोकळी करणारा ऑक्सिजन आला कुठून? आणि मोजमाप कोणी, कशाचे, कसे केले? तिसऱ्या प्रश्नाला मुलांनी अधिक वेळ द्यावा. साधन बसवल्यावर चालक आपोआप जपून गाडी हाकतो. मग चाचणी कशी घ्यावी? साधन चालू आहे की बंद, हे चालकाला कळता कामा नये. रस्ता तोच, भार तोच, फेऱ्या आलटून पालटून, आणि दोन्ही इंधने लिटरने नव्हे तर वजनाने मोजावीत, हे मुले स्वतःच शोधून काढतात असा आमचा अनुभव आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून सांगितलेली शंभराहून अधिक साधने तपासली, आणि ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे त्यांत एकही सापडले नाही. एवढ्या चाचण्यांत टिकले नाही ते टेकडीवरच्या एका फेरीत सिद्ध झाले असे कोणी म्हणू लागला, तर ती फेरी कशी मोजली हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे.

डिझेल इंजिन आपल्याकडे चार आकृत्यांत शिकवले जाते : शोषण, संपीडन, शक्ती, निष्कास. मुले त्या पाठ करतात आणि गुणही मिळवतात. दुसऱ्या आकृतीत सिलिंडरमध्ये निव्वळ हवाच का असते, हा एक प्रश्न त्यांना विचारून पाहावा. ज्याला त्याचे उत्तर आले, त्याला प्रोपेनच्या संचात लाभ कोणता आणि धोका कोणता, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही.